वरच्या मजल्यावरची इग्वाना आणि अडतीस अंडी: एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण २०२५ सालातलं. कुटुंबाच्या परवानगीने लिहिते आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. सरपटणारे प्राणी पाळणाऱ्यांना सल्ला देण्याचं काम मी करते. अंडी उबवायची म्हटलं की पहिला प्रश्न हमखास तापमानाचा येतो. त्याआधी विचारायचा प्रश्न दुसराच असतो: किती पिल्लांना घर मिळेल, म्हणजे किती अंडी ठेवायची? तो या घराने वेळेवर विचारला. म्हणून हे प्रकरण मला सविस्तर मांडावंसं वाटलं.

पार्श्वभूमी

मुंबईच्या पूर्व उपनगरातली जुनी इमारत. सर्वांत वरचा मजला, डोक्यावर थेट गच्चीचा स्लॅब, वन बीएचके. घरात चार माणसं: इंजिनिअरिंगला असलेला ओंकार, त्याचे आईवडील आणि आजी. शिवाय चिंगी, साडेतीन वर्षांची हिरवी इग्वाना, शेपटीसकट चार फुटांच्या वर. तिचे आधीचे मालक शहर सोडून गेले, तेव्हा ती या घरात आली.

शेजारीपाजारी तिला घोरपडच म्हणत. हा गैरसमज निरुपद्रवी नाही. घोरपड आपल्याकडची, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतली. ती पाळणं हा गुन्हा आहे. हिरवी इग्वाना मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली. वन्यप्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात तिचं नाव आहे. १९७२ च्या याच वन्यजीव कायद्यात २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तेव्हापासून साइटीसच्या यादीतले प्राणी चौथ्या अनुसूचीत आले आणि ते जवळ बाळगणाऱ्याला नोंदणी करावी लागते. २०२४ साली त्याचे नियम आले आणि नोंदणी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर सुरू झाली. चिंगीची नोंदणी ओंकारच्या नावावर होती. सोसायटीत एकदा कुणीतरी ‘घोरपड पाळलीय’ म्हणून ओरड केली, तेव्हा सेक्रेटरींसमोर ठेवायला त्याच्याकडे कागद होता.

डिसेंबर २०२४ मध्ये ओंकारचा एक मित्र घरच्या लग्नासाठी गावी गेला आणि आपला नर इग्वाना आठवडाभरासाठी यांच्याकडे ठेवून गेला. दोघांना एकाच खोलीत मोकळं सोडलं जायचं. नर गेल्यावर चिंगीच्या मानेवर चाव्याच्या खुणा दिसल्या. भांडण झालं असेल असं समजून त्यांनी औषध लावलं आणि विषय तिथेच संपला. नर इग्वाना मीलनाच्या वेळी मादीची मान दातांत धरतो, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

समस्या कशी लक्षात आली

जानेवारीच्या अखेरीस ओंकारच्या आईचा मला फोन आला. “ताई, ही खात काही नाही, पण एका जागी बसतही नाही. रात्रंदिवस कोपरे उकरते. बाथरूमच्या फरशीला नखं घासून घासून लाल झालीत.”

तिच्या या एका वाक्यात निदानाचा अर्धा भाग होता. आजारी इग्वाना खाणं सोडते आणि मलूल होते. अंड्यांनी भरलेली मादी शेवटचे तीन-चार आठवडे जवळपास काही खात नाही, पण सावध असते, पाणी पिते, उकरायला जागा शोधत फिरते. तीच मादी अचानक शांत पडली, डोळे मिटून बसू लागली किंवा तिचे पाय थरथरू लागले, तर मात्र थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. अंडी पोटात अडकणं हे पाळीव इग्वाना माद्यांच्या मृत्यूचं एक मोठं कारण आहे. आणि त्यासाठी नर भेटलेला असावा लागतो असंही नाही. एकट्या माद्याही फलन न झालेली अंडी घालतात आणि त्यांनाही हाच धोका असतो.

सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्यांनी एक्स-रे काढला. पोट अंड्यांनी गच्च भरलेलं होतं. हाडं थोडी विरळ दिसत होती, म्हणजे अंड्यांसाठी लागणारं कॅल्शियम ती स्वतःच्या हाडांतून काढत होती. आहार विचारला तर काकडी, केळं आणि पालक. पालकातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून तो रोजच्या खाण्यात नको. ऊन मिळायचं ते खिडकीच्या काचेतून, आणि काच नेमके तेच अतिनील किरण अडवते ज्यांच्यावर अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं.

घरापुढे दोन वेगळे प्रश्न उभे राहिले: मादी सुखरूप कशी मोकळी होईल, आणि अंड्यांचं काय करायचं. ओंकारचं सगळं मन दुसऱ्या प्रश्नात होतं. तो आठवडाभर उबवणी पेट्यांचे व्हिडिओ बघत होता. डॉक्टरांनी आणि मी मिळून त्याला आधी पहिल्या प्रश्नावर आणलं.

अंडी घालायला जागा

पर्याय तीन होते. शस्त्रक्रिया करून अंडी आणि अंडाशय दोन्ही काढून टाकणं हा एक. डॉक्टरांच्या मते चिंगीच्या हाडांची अवस्था पाहता ती लगेच करणं जोखमीचं होतं, आणि ती अजून चपळ होती. दुसरा, काहीच न करता वाट पाहणं. तो सर्वांत वाईट, कारण मनाजोगी जागा मिळाली नाही तर इग्वाना अंडी धरून ठेवते. तिसरा, तिला खरंखुरं बीळ करता येईल अशी जागा देणं.

वन बीएचकेमध्ये चार फुटी मादीला आत शिरून वळता येईल एवढं बीळ कुठे करायचं? प्लॅस्टिकचा उथळ टब आणला होता, पण त्यात तिने नुसती माती उडवली. शेवटी ओंकारच्या वडिलांनी भंगारवाल्याकडून पाण्याचा निळा दोनशे लिटरचा ड्रम आणला. रसायनाचा नाही ना हे विचारून, धुऊन, उन्हात वाळवून तो बंद बाल्कनीत आडवा ठेवला. बाजूंना विटा लावल्या म्हणजे तो गडगडणार नाही. तोंड वरून अर्धं झाकून आत निम्म्याच्या वर माती आणि वाळू भरली. इतपत ओली की मुठीत दाबली तर लाडू वळावा पण पाणी गळू नये. कोरडी वाळू असती तर बीळ ढासळलं असतं आणि तिने ते सोडून दिलं असतं.

सोबत आहार बदलला. खायला लागेल तेवढं शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं, लाल भोपळा. डॉक्टरांनी दिलेलं कॅल्शियम. आणि सकाळचं ऊन थेट, काचेविना.

१६ फेब्रुवारीला ती ड्रममध्ये शिरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मातीने माखलेली, कमरेची हाडं दिसतील इतकी खपाटीला गेलेली बाहेर आली. अडतीस अंडी. पुन्हा एक्स-रे काढून पोटात एकही राहिलं नाही याची खात्री केली. ती पाण्यात पडून राहिली आणि दोन दिवसांनी भोपळ्याच्या फुलावर तुटून पडली. पहिला प्रश्न सुटला होता.

किती अंडी ठेवायची

ड्रम उपसण्याच्या आदल्या आठवड्यात आम्ही सगळे एकत्र बसलो होतो. ओंकारला सगळी अंडी उबवायची होती. त्याची आई म्हणत होती, एकही नको. मी फक्त आकडे पुढे ठेवले. इग्वाना एका वेळी वीस ते सत्तर अंडी घालते. पिल्लू वीतभर असतं. तीन वर्षांत त्याची चार-पाच फुटी इग्वाना होते, पंधरा वर्षं किंवा त्याहून जास्त जगते, तिला खोलीएवढी जागा, अतिनील दिवा, रोजचा पाला आणि सरपटणारे प्राणी तपासणारा डॉक्टर लागतो. नर मोठे झाले की एकमेकांना फाडतात. मग मी ओंकारला विचारलं, “आज रात्रीपर्यंत किती घरांकडून तू लेखी हो आणू शकतोस?”

तो संध्याकाळपर्यंत फोन करत होता. ‘क्यूट आहे, घेऊ’ म्हणणारे पुष्कळ भेटले. जागा, खर्च, नोंदणी आणि वाढलेल्या इग्वानाचा फोटो समोर ठेवल्यावर सहा घरं उरली.

“उरलेली नॅशनल पार्कात सोडता येतील की,” असं ओंकारचा एक मित्र सहज म्हणाला. मुंबईत हे वाक्य मी वारंवार ऐकते. बोरिवलीचं जंगल जवळ आहे, हिरवं आहे, आणि आपण प्राण्याला स्वातंत्र्य देतोय असं वाटतं. फ्लोरिडा, पोर्तो रिको, तैवान, सिंगापूर इथे पाळीव म्हणून आणलेल्या हिरव्या इग्वाना मोकळ्यावर पसरल्या आहेत. काही ठिकाणी त्यांची बिळं बांध आणि रस्त्यांच्या कडा पोखरतात. मुंबईची हवा त्यांना मानवेल अशीच आहे. जंगलात परदेशी प्राणी सोडणं हा पर्याय यादीतही धरायचा नाही, एवढं मी त्या दिवशी ठामपणे सांगितलं आणि इथेही सांगते.

उरला तो अवघड मुद्दा: नको असलेल्या अंड्यांचं काय? घातल्या घातल्या अंडी डीप फ्रीझरमध्ये ठेवून वाढ थांबवणं हा पाळणाऱ्यांमध्ये रूढ असलेला मार्ग आहे. आजी तोवर ऐकत होत्या. त्यांनी मला थेट विचारलं, “अंड्यात जीव असतो का नाही, ते आधी सांग.”

असतो, असं मी म्हटलं. ‘सुरुवातीला त्यात काही नसतंच’ असं सांगून हा प्रश्न सोपा करणारे सल्ले दिले जातात, ते खरे नाहीत. सरडे-पालींच्या अंड्यांत ती घातली जातात तेव्हाच गर्भाची वाढ सुरू झालेली असते. म्हणूनच जे करायचं ते पहिल्याच दिवशी करावं, आठवडा थांबून, अंड्याला टॉर्च लावून, आतल्या गर्भाच्या शिरा बघून मग निवड करू नये, हे माझं मत आहे. प्रत्येक दिवसागणिक आतला गर्भ वाढत जातो.

आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “पोरं दिली त्या घरी नीट नांदली पाहिजेत. नांदायची नाहीत तर जन्माला घालून काय उपयोग? सहा घरं आहेत ना? मग तेवढ्यापुरतीच ठेवा.” काही अंडी पोकळ निघतात, काही मध्येच जातात, म्हणून सहा पिल्लांसाठी दहा अंडी, असा हिशेब ठरला. उरलेली अठ्ठावीस, अंडी मिळाली त्याच सकाळी फ्रीझरमध्ये गेली आणि दोन दिवसांनी सोसायटीच्या आवारात नारळाखाली खोल पुरली. आजी तिथे स्वतः उभ्या होत्या.

घरात वाद झाले, आईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण सगळ्यांना पूर्ण माहिती होती आणि निर्णय चौघांचा होता. मी पाहिलेल्या इतर घरांत हा निर्णय कुणी घेतच नाही. तो तीन महिन्यांनी, पस्तीस पिल्लं टबात वळवळत असताना, घाईने होतो.

पेटी

ओंकारने ऑनलाइन कोंबडीच्या अंड्यांचं इनक्युबेटर मागवलं होतं. ते या कामाला दोन कारणांनी धोक्याचं. कोंबडीची अंडी साधारण ३७.५ अंशांवर उबवतात. इग्वानाची २९ ते ३१ अंशांवर, आणि ३२ च्या वर किंवा २८ च्या खाली फार काळ गेलं तर गर्भ मरतात किंवा व्यंग घेऊन येतात. दुसरं म्हणजे ते यंत्र अंडी फिरवतं. कोंबडीचं अंडं फिरवावंच लागतं, सरड्याचं फिरवलं तर मरतं, कारण पहिल्या दिवसाच्या आसपास गर्भ अंड्याच्या वरच्या बाजूला चिकटतो आणि मग ती बाजू शेवटपर्यंत वरच राहावी लागते. म्हणून ड्रममधून अंडं उचलण्याआधीच ते ज्या स्थितीत होतं त्याच्या माथ्यावर मऊ पेन्सिलीने फुली करायची, असं ठरलं होतं. ओंकारने ते काटेकोर पाळलं.

इनक्युबेटर परत गेलं. त्याऐवजी जाड थर्मोकोलची पेटी, तळाशी पाणी, पाण्यात फिश टँकचा हीटर, पाण्याच्या वर विटांवर जाळी आणि जाळीवर अंड्यांचे झाकणाचे डबे अशी साधी रचना केली. डब्यांत व्हर्मिक्युलाइट, म्हणजे नर्सरीत मिळणारं, ओल धरून ठेवणारं हलकं खनिज, वजनास वजन पाणी घालून. अंडी निम्मी बुडतील एवढी. पेटीचं झाकण थोडं तिरकं, म्हणजे साचलेलं पाणी अंड्यांवर न टपकता कडेने ओघळेल. हीटरला ठरवलेल्या तापमानानुसार तो चालू-बंद करणारा वेगळा डिजिटल थर्मोस्टॅट, आणि अंड्यांशेजारी कमाल-किमान लक्षात ठेवणारा दुसरा थर्मामीटर. स्वस्त थर्मामीटर दोन-दोन अंशांनी चुकतात. घरच्या घरी पडताळायचं तर ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर आणि हा, दोघांची टोकं एकाच ग्लासभर कोमट पाण्यात धरून ३७ च्या आसपास ताडून बघायची. ओंकारचा एक थर्मामीटर दीड अंश कमी दाखवत होता. तो बाजूला काढला.

एक गोष्ट जाता जाता: बिबट्या गेकोसारख्या पालींत पिल्लू नर होणार की मादी हे उबवणीच्या तापमानावर ठरतं, इग्वानात नाही. इथे ते गुणसूत्रांवर ठरतं. ‘अमुक अंश ठेवा, सगळ्या माद्या होतील’ हा सल्ला इग्वानाला लागू नाही.

फेब्रुवारीतली उष्णता

पेटी कुठे ठेवायची यावर फारसा विचार झाला नव्हता. बेडरूममधल्या कपाटावर जागा होती, तिथे ती ठेवली. पश्चिमेची भिंत, वर तापलेला स्लॅब, आणि गरम हवा वर चढते. पहिला आठवडा पारा तीसवर स्थिर होता. सातव्या दिवशी अंधारात टॉर्च लावून पाहिलं तर दहांपैकी आठ अंड्यांत लाल शिरांचं जाळं दिसलं. दोन पिवळट, रिकामी.

मग २५ आणि २६ फेब्रुवारी आली. त्या दोन दिवसांत मुंबईत उष्णतेच्या लाटेचा इशारा होता, सांताक्रूझचा पारा ३८ च्या वर गेला. एरवी दुपारच्या आत समुद्रावरून वारा सुरू होतो आणि शहर निवतं. पूर्वेचे जमिनीवरचे कोरडे वारे जोरात असले की तो वारा उशिरा येतो आणि तेवढ्या तासांत तापमान झपाट्याने चढतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये हे होतंच. २५ तारखेला संध्याकाळी ओंकार कॉलेजातून आला तेव्हा थर्मामीटरची कमाल नोंद ३४.८ होती. हीटर दुपारीच बंद झाला होता. थर्मोस्टॅटने त्याचं काम चोख केलं होतं, पण खोलीच पेटीपेक्षा गरम असताना तो आणखी काय करणार?

घरगुती उबवणीच्या बहुतेक सूचना थंड देशांतल्या घरांसाठी लिहिलेल्या असतात. तिथे प्रश्न पेटी गरम ठेवण्याचा. मुंबईत इग्वानाची अंडी येतात फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि उबवणी चालते थेट मेपर्यंत, म्हणजे नेमकी उन्हाळाभर. इथे प्रश्न पेटी थंड ठेवण्याचा.

रात्री फोनवर आम्ही पर्याय तपासले. बर्फाच्या बाटल्या पेटीत ठेवल्या तर पारा उतरतो, पण दर तीन तासांनी बदलणारं माणूस हवं, नाहीतर तापमान हिंदकळत राहतं. ओंकारच्या मावशींचं दादरला जुन्या दगडी इमारतीत तळमजल्यावरचं घर थंडगार आहे, तिथे पेटी न्यावी का? रस्त्यातले धक्के आणि तिथे रोज लक्ष कोण ठेवणार, यावर ते अडलं. स्वयंपाकघरात खाली जमिनीवर सर्वांत गार होतं, पण ते मी नको म्हटलं. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर आणि अंड्यांवर पोटाचा आजार करणारे साल्मोनेला जिवाणू असू शकतात, आणि घरात सत्तरी पार केलेली आजी आहे.

तात्पुरता उपाय आजींनी सुचवला: पेटी जमिनीवर उतरवा आणि भोवती ओली गोणपाटं लावून समोर पंखा सोडा. माठातलं पाणी ज्याने गार होतं तेच हे. मुंबईच्या दमट हवेत हा उपाय एरवी फारसा चालत नाही, पण पूर्वेच्या वाऱ्यात हवा कोरडी होते, त्यामुळे त्या दिवशी तो लागू पडला. २६ तारखेला भर दुपारी पारा ३२ च्या खाली राहिला.

कायमचा उपाय वडिलांनी मांडला, आणि तोच बरोबर होता. पेटी फक्त तापवू शकते, तर खोली पेटीहून थंड ठेवा. बेडरूमचा एसी दुपारपासून २६ वर, पेटीचा हीटर ३० वर. हीटरला पुन्हा काम मिळालं आणि पारा अर्ध्या अंशाच्या आत स्थिरावला. विजेचं बिल जवळपास दुप्पट झालं. दुपारी आजी त्याच खोलीत झोपायच्या. त्यांना गारठा सोसेना, म्हणून त्यांचं अंथरूण बाहेर गेलं. या गोष्टीची ओंकारला आजही रुखरुख आहे.

तिसऱ्या आठवड्यात पुन्हा टॉर्च लावली तेव्हा दोन अंड्यांतल्या शिरा विरून तपकिरी कडं उरलं होतं. ती त्या दोन दिवसांच्या उष्णतेने गेली असं खात्रीने म्हणता येत नाही. मला तसंच वाटतं.

उबवणीचे दिवस

यानंतरचे दीड-दोन महिने शांत होते. आठवड्यातून एकदा डब्यांची झाकणं मिनिटभर उघडायची, म्हणजे ताजी हवा मिळते. अंडी पाणी शोषून फुगत होती. एखादं खळी पडल्यासारखं दिसलं तर कडेने थोडं कोमट पाणी, अंड्यावर कधीच नाही. रिकाम्या अंड्यांवर बुरशी आली तेव्हा ती काढली. एप्रिलमध्ये देखभालीसाठी काही तास वीज गेली. थर्मोकोल आणि तळाचं पाणी यांनी ऊब धरून ठेवली, पारा जेमतेम एका अंशाने उतरला.

या काळात ओंकारला मी सहाही घरी जाऊन यायला सांगितलं. एका घरी पिंजरा म्हणून फिश टँक दिसला. त्यांना वाढलेल्या इग्वानाचं माप समजावल्यावर त्यांनी स्वतःहून माघार घेतली. पाच घरं राहिली.

पिल्लं

मेच्या पहिल्या आठवड्यात अंड्यांवर दव आल्यासारखे थेंब दिसले आणि ती थोडी खपाटीला गेली. ही वेळ जवळ आल्याची खूण. पहिल्या पिल्लाने कवच चिरून फक्त नाक बाहेर काढलं आणि तसंच थांबलं. आईचा घाबरून फोन आला, “अडकलंय का? ओढून काढू?” अजिबात नको. पिल्लू त्या स्थितीत दिवसभर किंवा त्याहूनही जास्त राहतं. पोटाशी असलेला बलक ते तेवढ्या वेळात शोषून घेतं. ओढलं तर तोच फाटतो.

दोन दिवसांत सहा पिल्लं बाहेर आली. पाच तुरतुरीत, पोपटी. सहाव्याचा कणा वाकलेला होता आणि मागचे पाय ओढले जात होते. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की ते नीट चालू-खाऊ शकणार नाही, आणि त्याला वेदना न होता निरोप दिला गेला. आजी त्या दिवशी जेवल्या नाहीत.

निष्पत्ती

जन्माची माहिती ओंकारने परिवेश पोर्टलवर दिली. पिल्लं हस्तांतरित करायची तर तेही नोंदवावं लागतं, म्हणून खातं-पितं होईपर्यंत, म्हणजे काही आठवडे, ती याच घरात राहिली. त्या वर्षी पाऊस २६ मेलाच मुंबईत पोचला, एवढा लवकर तो आधी नोंदलेला नाही, आणि ऊन गायब झालं. अतिनील दिवा आधीच घेऊन ठेवला होता, म्हणून पिल्लांची हाडं सुरक्षित राहिली. पाच पिल्लं पाच घरी गेली. प्रत्येक घराला एक पानभर सूचना, डॉक्टरचा नंबर आणि एक अट: जमेनासं झालं तर पिल्लू परत ओंकारकडे, दुसऱ्या कुणाकडे नाही.

चिंगीचं वजन दोन महिन्यांत भरून आलं. गणपती झाल्यावर, हाडं सुधारल्याचं एक्स-रेत पाहून, डॉक्टरांनी तिचं अंडाशय काढण्याची शस्त्रक्रिया केली. ती केली नसती तर पुढच्या हिवाळ्यात, नर जवळ नसतानाही, पुन्हा हाच भार तिच्या हाडांवर आला असता.

वेगळं काय करता आलं असतं

नर आणि मादीला एका खोलीत सोडायलाच नको होतं. पाहुणा म्हणून आलेला प्राणी वेगळ्या खोलीत ठेवायचा, नर-मादी असोत नसोत. संसर्गाच्या दृष्टीनेही तेच योग्य. मानेवरच्या खुणा डिसेंबरमध्येच डॉक्टरांना दाखवल्या असत्या, तर आहार आणि कॅल्शियमला दीड महिना जास्त मिळाला असता.

पेटीची जागा अंडी येण्याआधी ठरवायला हवी होती. कमाल-किमान थर्मामीटर घराच्या तीन-चार जागी आठवडाभर ठेवला की कळतं: कपाटावर किती, पलंगाखाली किती, दुपारी तीनला किती. या घरात कपाटावर आणि जमिनीवर तीन अंशांचा फरक निघाला, पण तो मोजला गेला २५ तारखेनंतर.

एसीचा उपाय चालला तरी त्यासाठी अख्खी खोली थंड करावी लागली आणि आजींची झोपण्याची जागा गेली. मी आज कुणाला सल्ला देताना जुना छोटा फ्रिज सुचवते. आत हीटर, आणि बाहेर दोन आउटलेटचा थर्मोस्टॅट: पारा खाली गेला की हीटर लागतो, वर गेला की फ्रिजची मोटर. भिंती मुळातच जाड असल्याने वीज कमी लागते. उन्हाळ्यातल्या मुंबईत एवढी एक गोष्ट असती तर ती दोन अंडी कदाचित वाचली असती.

दहाचा आकडा मला आजही बरोबर वाटतो. सहा घरांपैकी एक गळालं आणि सहा पिल्लांपैकी एक गेलं, त्यामुळे हिशेब जुळला. पण आठही अंडी फुटली असती तर तीन पिल्लं ओंकारकडेच राहिली असती. त्याची तयारी आहे का, हे त्याला फेब्रुवारीतच विचारलं होतं आणि त्याने आईवडिलांसमोर हो म्हटलं होतं. घरं शोधण्याचं काम मात्र एका संध्याकाळच्या फोनवर सोडायला नको होतं. एक्स-रेनंतर अंडी येईपर्यंत तीन आठवडे हातात होते. तेवढ्यात घरं प्रत्यक्ष पाहून झाली असती, तर फिश टँकवालं घर आधीच गळालं असतं आणि पेटीत दहाऐवजी आठच अंडी गेली असती.

ज्या मित्राचा नर होता, त्याच्याशी या सगळ्यात कुणीच नीट बोललं नाही. त्याच्याकडे तो नर अजून आहे, आणि त्याची नोंदणी झालेली नव्हती. ओंकारने त्याला अर्ज भरायला बसवलं ते पिल्लं जन्मल्यावर.